कूलरखालची गुलबकावली

सिंधुताईंच्या हाताला गुण आहे, असं आमच्या सेक्टरातल्या बायका म्हणायच्या. आणि एखादी म्हणायला विसरली, तर सिंधुताई स्वतःच आठवण करून द्यायच्या. "मी नुसती काडी खोचली तरी फुटते वं," म्हणत त्या समोरचीच्या हातात कढीपत्त्याचं रोप ठेवायच्या. ते रोप जगलं की सिंधुताईंच्या हाताचं, आणि मेलं की लावणारीच्या.

त्या मूळच्या साकोलीकडच्या, धानाच्या बांध्यांत वाढलेल्या. केवलरामांशी लग्न होऊन भिलाईत आल्या तेव्हा पहिल्याच संध्याकाळी पोलादाच्या प्लांटच्या दिशेचं आभाळ लाल झालेलं बघून त्यांनी नव्या नवऱ्याचा हात धरला होता, "कुठं आग लागली जी?" केवलराम हसले होते, "हे आगच आपल्याले जेवू घालते." तेव्हापासून सिंधुताईंनी त्या आगीकडे पाठ केली आणि क्वार्टरच्या मागच्या अंगणाकडे तोंड. वाल, चवळी, पेरू, मोगरा, तुळशीचे सात-आठ प्रकार. मुलगा अंकुर पुण्याला नोकरीला गेला, तरी अंगण काही रिकामं झालं नाही.

शेजारी शेवंताबाई आणि भय्याजी. दोन्ही क्वार्टरांची एक भिंत सामाईक, आणि मागे मेहंदीचं कंबरेएवढं कुंपण. भय्याजी प्लांटमध्ये केवलरामांच्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, त्यांच्या हाताखाली. शेवंताबाईंच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, सिंधुताईंच्या घरात भरगच्च देवघर. इकडची पुरणपोळी तिकडे आणि तिकडची खीर इकडे, हे वीस वर्षं चालू होतं. पाया कोण कुठे पडतं यावर दोघींना कधी बोलावं लागलं नाही. बोलणं व्हायचं ते झाडांवरून. शेवंताबाईंना झाडांचा शौक नव्हता, पण सिंधुताईंच्या झाडांवर शेरे मारायचा होता.

माघात भजन मंडळ नर्मदा जयंतीला अमरकंटकला गेलं. दुर्गहून गाडी, पुढे जीप. वर पोचल्यावर सगळ्या बायका दोन-दोन शाली गुंडाळून कुडकुडत होत्या, आणि सिंधुताई मात्र डोंगरावरच्या ओल्या कुरणाकडे डोळे लावून बसल्या होत्या. तिथं गुलबकावली होते. कोकणातली माणसं तिला सोनटक्का म्हणतात. हळदीसारखी पानं, आणि पावसाळा सरता सरता पांढरीशुभ्र फुलं, फुलपाखरू बसल्यासारखी. एकदा लावली की कंद जमिनीत राहतो आणि दरवर्षी नव्यानं वर येतो. धर्मशाळेच्या मागे जिथं भांडी घासायची, त्या पाण्यावर तिचं दाट बन माजलं होतं. सिंधुताईंनी स्वयंपाकीणबाईशी तासभर सुखदुःखाच्या गोष्टी केल्या, तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकून घेतली, आणि मग हळूच विषय काढला. तिनं खुरपीनं एक जाडजूड गड्डा काढून दिला.

"ठंडी और गीली जगह मांगती है, माई. लू लगी, तो गई."

सिंधुताईंनी तो गड्डा ओल्या फडक्यात बांधला आणि उगमाच्या कुंडाकाठी हात जोडून नर्मदामाईला शब्द दिला. हे माझ्या दारी फुललं तर पहिलं फूल तुला. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण परतीच्या जीपमध्ये मंडळाच्या अध्यक्ष सत्यभामाबाई म्हणाल्या, "भिलाईत हे जगणार नाही हो." आणि सिंधुताई सगळ्यांसमोर बोलून बसल्या, "यंदा माझ्या घरच्या महालक्ष्म्या गुलबकावली माळतील. सगळ्या जणी जेवायले या आन् पाहा."

झालं. देवीला दिलेला शब्द एक वेळ देवी समजून घेते. सत्यभामाबाईंना दिलेल्या शब्दाला तशी सोय नसते.

घरी आल्यावर पहिला शेरा शेवंताबाईंचा.

"हे तं हळदीचं गड्डं दिसून राहिलं, ताई."

"हळद नोहे. थंड्या डोंगरावरची गुलबकावली आहे ही."

"आन् भिलाईत जगवाल? भट्टीपाशी कुल्फी लावून ठेवल्यासारखं झालं हे तं."

सिंधुताईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि मनात मात्र गाठ मारली की ही फुलली की पहिल्यांदा हिलाच दाखवीन.

फाल्गुनापर्यंत सगळं बरं होतं. मोरीजवळच्या कुंडीत शेणखत, कुजलेला पाला आणि थोडी वाळू घालून लावलेल्या गड्ड्याला दोन कोंब आले. चैत्र लागला, वारा तापला, आणि पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या. सिंधुताईंनी कुंडीभोवती ओलं बारदान गुंडाळलं. बुडाला भोक पाडलेला माठ शेजारी पुरला. दुपारी जुन्या साडीचा मांडव घातला. पानं वाळतच राहिली.

"त्याले बी एसीत झोपव मंग," केवलराम पेपरमागून म्हणाले.

हा एसी म्हणजे सिंधुताईंच्या अभिमानाची दुसरी जागा. मागच्या उन्हाळ्यात अंकुरनं पुण्याहून पैसे पाठवून बसवायला लावला होता. जुना कूलर भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला तेव्हा सिंधुताई मुद्दाम शेवंताबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "हे पाणी भरा, ते खस बदला, झंझटच नको बापा." केवलराम थट्टेत बोलले, पण सिंधुताईंनी खरंच त्या रात्रीपासून कुंडी एसीच्या खोलीत घेतली. केवलराम पलंगावर, सिंधुताई पलंगावर, आणि उशाशी गुलबकावली. चार दिवसांत पानांच्या सुरळ्या झाल्या. एसी खोली थंड करतो, पण हवेतला ओलावा पिऊन टाकतो. त्याचा बाहेरचा डबा तर मागच्या अंगणात अशी गरम वाफ सोडायचा की मोगराही तोंड फिरवून उभा होता.

थंड आणि ओलं. दोन्ही एकदम पाहिजे. सिंधुताई कुंडी घेऊन अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर कुंपणापलीकडे गेली.

शेवंताबाईंच्या खिडकीला त्यांचा जुना पत्र्याचा कूलर धडधडत होता. उत्तरेची बाजू, वर फणसाची सावली. खसाच्या जाळीतून पाणी निथळत होतं, टाकीच्या नळीतून खाली सांडत होतं. खालची माती काळी, मऊ, शेवाळलेली. कुंपणावरून वाकून सिंधुताईंनी हात लांबवला, तर बोटांना अमरकंटकची थंडी लागली.

मागितली असती तर शेवंताबाईंनी जागा दिली असती. पण भट्टी आणि कुल्फीचं बोलणं अजून कानात होतं, आणि झंझटच नको हे स्वतःचं वाक्यही. कूलर विकून ऐट दाखवणाऱ्या बाईनं कूलरचं पाणी मागायचं तरी कोणत्या तोंडानं?

म्हणून दुसऱ्या दिवशी शेवंताबाई भाजीला गेल्या तेव्हा सिंधुताई मेहंदीच्या फटीतून, पदर खोचून, अर्ध्या पलीकडे गेल्या. खुरपीनं खड्डा केला, रोप मातीच्या गोळ्यासकट ठेवलं, वर पाला पसरला. परत येताना मेहंदीत केस अडकले आणि त्या थोडा वेळ तशाच, ना इकडच्या ना तिकडच्या, नर्मदामाईचं नाव घेत अडकून राहिल्या.

आठवड्यात रोपानं मान वर केली. नवं पान आलं, हिरवंगार, तजेलदार. सिंधुताईंचा जीव खाली बसला. आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा वर आला, कारण पानं मलूल झाली.

कारण शोधायला वेळ लागला नाही. कूलर दिवसा बंद होता. पाळी अशी होती, की भय्याजींची नाईट असली की ते सकाळी येऊन दिवसभर झोपायचे आणि कूलर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचा. त्यांची दिवसाची ड्यूटी असली की शेवंताबाई कूलर बंद करायच्या. एकटीसाठी कशाला, म्हणून ओला टॉवेल डोक्यावर टाकून त्या फणसाखाली बसायच्या. म्हणजे गुलबकावलीचा जीव भय्याजींच्या नाईटमध्ये अडकला होता.

आणि शॉपचा ड्यूटी चार्ट कोण लावायचं? केवलराम.

सिंधुताईंनी त्या संध्याकाळी केवलरामांच्या आवडीची, बेसनाच्या वड्यांची रस्सेदार पातोडीची भाजी केली. दुसऱ्यांदा रस्सा वाढताना सहज बोलल्या, "ऐकलं काय जी? भय्याजी लाजते म्हणून बोलत नाही. पण उन्हाळ्यात त्याले नाईटच पाहिजे म्हणे. दिवसा भट्टीपाशी सोसत नाही. शेवंता सांगत होती."

"मंग मले कावून नाही बोलला तो?"

"तुमी साहेब, तो हाताखालचा. कसा बोलंल?"

केवलराम सरळ मनाचे. बाकीच्यांना नाईट नकोच असायची. बदली मागणारे दहा आणि नाईट मागणारा एक, तर त्याला ती आनंदानं दिली पाहिजे. "बिचारा," म्हणून त्यांनी रस्सा भुरकला.

भय्याजींना नाईट लागली. एक आठवडा गेला, पुन्हा नाईट. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाईट. कूलर दिवसभर धडधडत होता, पाणी टपटपत होतं, आणि बाहेर लूनं पेरूची पानं कागदासारखी वाजत असताना गुलबकावलीला फुटव्यांवर फुटवे येत होते. सिंधुताई रोज पूजा झाली की एक फेरी कुंपणापाशी करायच्या. कढीपत्ता तोडायचं निमित्त असायचं. त्या उन्हाळ्यात केवलरामांनी इतका कढीपत्ता खाल्ला की एकदा चहात पान निघालं तरी ते काही बोलले नाहीत.

मध्येच एक दिवस शेवंताबाईंनी चहाला बोलावलं. कप हातात देत म्हणाल्या, "ताई, गंमत आयका. माझ्या कूलरखाली आपोआप अद्रक उगवलं."

सिंधुताईंचा घोट घशातच थांबला.

"कायचं अद्रक?"

"पानं पाहून ओळखलं ना मी. म्हटलं, मातीच भारी आपली. त्याचाच तुकडा ठेचून टाकला चहात. कसा लागून राहिला?"

सिंधुताईंनी कपात बघितलं. अमरकंटकची, नवसाची, नर्मदामाईच्या डोंगरावरची गुलबकावली दुधात उकळून त्यांच्या पुढ्यात आली होती, आणि त्या स्वतःच ती पीत होत्या. थुंकावं तर पाप, गिळावं तर पाप. त्यांनी डोळे मिटले आणि तीर्थ घ्यावं तसं गिळलं.

"बराय," त्या म्हणाल्या. "पण शेवंता, अद्रकाले पयल्या वर्षी हात लावत नसते. कडू होते. मुळं धरू द्याव लागते त्याले."

"असं काय?"

"हाव वं. साकोलीकडं तं कोणी पाहत बी नाही त्याच्याकडं पयल्या वर्षी."

"बरं झालं सांगतलं. आनखी घ्या ना चहा. अर्धा कप?"

सिंधुताई उपास आठवल्यासारख्या उठल्या. घरी येऊन देवापुढे नाक घासलं, आणि मग कुंपणावरून वाकून बघितलं. रोप जागच्या जागी, एकही फुटवा तुटलेला दिसत नव्हता. कुठून तोडला असेल तुकडा? पण विचारायचं कुणाला?

वैशाखी पौर्णिमा जवळ आली तेव्हा भय्याजींचे डोळे खोबणीत गेले होते. बुद्धजयंतीची खीर विहारात तेच शिजवायचे. मोठ्या पातेल्याशी कमरेला टॉवेल गुंडाळून उभे राहायचे, आणि रात्री सगळ्यांना वाढून झाली की पातेल्याची खरवड स्वतः खायचे. वर्षातली त्यांची ती सगळ्यात आवडीची रात्र. आणि नव्या चार्टवर त्या दिवशीसुद्धा त्यांच्या नावापुढे नाईट होती.

दुपारी दोघं एकदमच सिंधुताईंच्या ओसरीवर आले. केवलराम ड्यूटीवरून, भय्याजी अर्धवट झोपेतून.

"भाऊ, माझ्या हातून काई चुकलं काय?" भय्याजी म्हणाले. "एवढ्या वर्षांत मी कधी काई मागितलं नाही. पण मईनाभर झाला, मले सूर्यच दिसून नाही राहिला. पौर्णिमेची तरी सुट्टी द्या."

केवलराम गोंधळले. "अरे, तूच तं मागितली नाईट."

"मी?"

"तू नाही, शेवंतानं. सिंधूपाशी बोलली ती. तुले दिवसा भट्टी सोसत नाही म्हणून."

"शेवंता!" भय्याजींनी कुंपणावरून हाक मारली. शेवंताबाई भांड्याच्या राखेचे हात तसेच घेऊन आल्या. सगळं ऐकलं. त्यांच्या कपाळावर आधी आठी आली, मग त्या एकदम आतल्या दाराकडे बघू लागल्या.

आतून घंटा वाजायला लागली होती. सिंधुताईंनी भर दुपारी आरती सुरू केली होती. एक संपली, दुसरी लावली. तिसरीचे शब्द आठवेनात म्हणून पहिलीच पुन्हा घेतली.

"सिंधू," केवलराम बाहेरून म्हणाले, "देव बी जेवून झोपले असतीन आता. बाहेर ये."

सिंधुताई निरांजन हातात घेऊनच बाहेर आल्या. तिघांना आरती दिली. कुणी घेतली नाही. मग त्यांनी निरांजन खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. जीपमधला शब्द, एसीतल्या सुरळ्या, मेहंदीची फट, पातोडीची भाजी, सगळं. शेवटी म्हणाल्या, "भय्याजी, मी तुमची झोप नाही चोरली. झोप तं तुमची तेवढीच होती. मी फक्त रात्र चोरली."

भय्याजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "एका झाडासाठी, वहिनी?"

"झाड नोहे ते. शब्द आहे माझा."

केवलरामांनी तोंड फिरवलं. पेपरच्या मागे लपायची सवय असलेल्या माणसाला त्या वेळी हाताशी पेपर नव्हता. चार्ट त्यांनी लावला होता, सही त्यांची होती, आणि शॉपमध्ये आजवर कुणी त्यांच्या चार्टला नाव ठेवलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून सिंधुताईंना पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात शेवंताबाई हसायला लागल्या. राखेचा हात तोंडावर गेला आणि मिशा उमटल्या, तरी हसणं थांबेना.

"म्हणजे ताई, तुमाले वाटलं का मले माईतच नाही? तुमी मेहंदीत अडकल्या होत्या तवा मी भाजी घेऊन फाटकात उभी होती. म्हटलं, सोडवू का नको? मंग म्हटलं, राहू दे, देवाचं नाव घेऊन राहिल्या, कशाले मधात बोला."

"आन् तो चहा?"

"बाजारचं अद्रक होतं ते! तुमचं तोंड पाहाचं होतं मले." मग त्या थोड्या थांबल्या. "मी तं रोज टाकी मुद्दाम वरपर्यंत भरत होती, सांडलं पाहिजे म्हणून. शेणखताच्या दोन टोपल्या बी टाकल्या. विचारलं असतं तं याची नाईट नसतानाही कूलर चालू ठेवला असता ना, ताई. माझ्या माणसाले कावून जागवलं?"

सिंधुताई खाली ठेवलेल्या निरांजनाची वात सारखी करू लागल्या.

निवाडा शेवंताबाईंनीच केला. चार्ट त्याच दिवशी बदलला आणि पौर्णिमेला भय्याजींना सुट्टी. खिरीचं दूध सिंधुताईंकडून. झाड आहे तिथंच राहील, कूलर दिवसभर चालेल. "पण पयलं फूल माझ्या बुद्धापुढं," त्या म्हणाल्या. "याच्या मईनाभराच्या नाईटचं ते."

"पयलं?" सिंधुताईंचा आवाज चिरकला. "पयलं तं माईले बोलली मी!"

"मंग माईले सांगा का सिंधूनं कोणाच्या जिवावर फुलवलं."

सिंधुताईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "पाहू," म्हणाल्या. हा शब्द त्या मनातलं सांगायचं नसलं की वापरायच्या.

विहारात त्या पौर्णिमेला खीर नेहमीपेक्षा दाट झाली. भय्याजींनी खरवडीतला अर्धा वाटा झाकून केवलरामांना आणून दिला. केवलरामांनी तो उभ्यानं खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये ताठ मानेनं गेले.

पाऊस लागल्यावर कूलर बंद झाले, पण आता गरजही नव्हती. गुलबकावली छातीएवढी झाली. श्रावण सरता सरता शेंड्यावर हिरवं कणीस दिसलं. सिंधुताईंच्या फेऱ्या वाढल्या, कढीपत्त्याचं झाड जवळजवळ बोडकं झालं.

भाद्रपद लागला, महालक्ष्म्या तोंडावर आल्या, आणि नेमक्या त्याच वेळी शेवंताबाई दोन दिवसांसाठी भिलाईजवळच्या चरोद्याला गेल्या. मुलगी आम्रपाली तिथं रेल्वे कॉलनीत राहायची, जावई यार्डात. नातवाला ताप होता. भय्याजींची खरोखरची नाईट होती, ते आत घोरत होते. आणि ढगाळ दुपारी, कणसाच्या खालच्या खवल्यातून एक पांढरी कळी उलगडायला लागली. एकच. वास कुंपण ओलांडून सिंधुताईंच्या देवघरात आला.

सिंधुताई मेहंदीपाशी उभ्या राहिल्या. हे फूल फार तर एक दिवस टिकतं. शेवंताबाई परवा येणार. तोवर हे सुकून गळेल, कुणालाच कळणार नाही. त्यापेक्षा तोडून घरी अमरकंटकहून आणलेल्या नर्मदेच्या पाण्याच्या गडव्यापुढे वाहिलं तर? माईचा शब्दही राहील. शेवंताबाईंना नंतरचं एखादं फूल पहिलं म्हणून दाखवता येईल. इतकी सोपी वाट देवानं समोर केली होती की तीच देवाची इच्छा असावी, असं त्यांना जवळजवळ पटलं.

हात लांबवला. आतून भय्याजींच्या घोरण्याचा आवाज आला, खर्रर करून थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

"झोपा जी, झोपा," सिंधुताई पुटपुटल्या. "तुमची झोप लय महाग पडली मले."

त्यांनी फूल देठासकट अलगद तोडलं. घरात आल्या, देवघराशी थांबल्या. गडव्याकडे बघून म्हणाल्या, "माई, उधार ठेव. दुसरं फूल फुलेपर्यंत बिनसाखरेचा चहा पिईन." हा दंड लहान नव्हता. सिंधुताईंच्या चहात चमचा उभा राहतो असं केवलराम म्हणायचे.

मग त्यांनी अंकुरचा शाळेतला स्टीलचा डबा काढला, ओल्या फडक्यावर फूल ठेवलं आणि चरोद्याच्या ऑटोत बसल्या. खुर्सीपारचा चौक येईपर्यंत सगळा ऑटो वासानं भरला. ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं.

"कौन सा सेंट है, अम्मा?"

"नाईट ड्यूटी," सिंधुताई म्हणाल्या.

त्यानं मान डोलावली. नवीन निघालं असेल.

आम्रपालीच्या दारात शेवंताबाई नातवाच्या कपाळावर पट्टी ठेवून बसल्या होत्या. डबा उघडला तशी त्यांच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"आता फुललं?"

"दुपारी. तू नाही, भय्याजी झोपलेले. कोणी पाहाले नव्हतं."

"मंग घेऊन टाकलं असतं ना, ताई. मले काय समजलं असतं."

"मेहंदीत अडकली होती तवा बी कोणी पाहाले नव्हतं," सिंधुताई म्हणाल्या. "तुझा काय भरोसा वं."

शेवंताबाईंनी हात धुतले, फूल घेतलं आणि आम्रपालीच्या घरातल्या लहानशा बुद्धापुढे ठेवलं. वंदना म्हणताना त्यांचा आवाज बारीक होता. सिंधुताई उंबऱ्याशी पदर सावरून उभ्या राहिल्या. नंतर आम्रपालीनं चहा आणला, साखर वेगळ्या वाटीत. सिंधुताईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मौसी, शक्कर डाल दूं?"

"बिलकूल नको टाकू. ते वाटी बी उचल समोरून."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच कणसावर तीन फुलं एकदम उमलली. सिंधुताईंनी एक गडव्यापुढे वाहिलं, हात जोडले आणि दोन मिनिटांत साखरेचा डबा काढला.

महालक्ष्म्यांच्या दिवशी दोघी देवींच्या वेण्यांत गुलबकावली होती, आणि घरभर तो वास. आंबील, कढी, पुरणपोळ्या, सोळा भाज्या. भजन मंडळ पंगतीला बसलं. कोपऱ्यात भय्याजी आणि केवलराम मांडीला मांडी लावून. सत्यभामाबाईंनी आधी देवीला हात जोडले, मग वेणीकडे निरखून बघितलं, मग सिंधुताईंकडे.

"खरी आहे हो. भिलाईत कशी जगवलीत? हाताला गुण आहे तुमच्या."

सगळ्या पंगतीनं कान टवकारले. हेच ऐकायला सिंधुताईंनी माघापासून जीव टांगला होता. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला, शेवंताबाईंच्या पानात आणखी एक पुरणपोळी टाकली आणि म्हणाल्या, "माझा हात नाही बाई. पाणी शेवंताच्या कूलरचं आहे. शेणखत तिचं. आन् रात्री भय्याजीच्या."

"रात्री?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"जेवा तुमी, आंबील थंडी होऊन राहिली."

भय्याजींना ठसका लागला. केवलरामांनी त्यांची पाठ थोपटली आणि पाण्याचा गडवा पुढे केला. शेवंताबाईंनी पुरणपोळीवर तूप ओतून घेतलं, एक घास खाल्ला, आणि मग अगदी सहज, सगळ्यांना ऐकू येईल असं बोलल्या.

"ताई, आम्रपाली म्हणून राहिली का येत्या उन्हाळ्यात तिकडून एसी घेऊन देते म्हणे आमाले. हा कूलर भंगारात टाकू."

सिंधुताईंच्या हातातला वाढायचा चमचा जागीच थांबला. त्यांनी खिडकीतून कुंपणाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या स्वतःच्या एसीकडे, मग केवलरामांकडे.

"ऐकलं काय जी?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. "उद्या पातोडीची भाजी करू काय?"

"नको!" केवलराम आणि भय्याजी एकदमच म्हणाले.